चौतीस मिनिटं

प्रिय छोट्या,

किल्ली मिळाली ना? ती आधी आतल्या खिशात टाक, आणि हे पत्र उभ्यानं वाचू नकोस. किल्ली देणाऱ्या चष्मेवालीच्या डाव्या हाताला, पत्रकांच्या रॅकच्या पलीकडे एक बाकडं आहे, तिथे बस. त्याचा एक पाय लंगडा आहे, तेव्हा भिंतीच्या बाजूला टेक. एक्कावन्न वर्षांच्या बाप्याला कुठे बसायचं ते सांगावं लागू नये, कबूल. पण तू विमानातून उतरलास की तुझं डोकं ठिकाणावर नसतं, हे मी एकदा पाहिलंय. ताईनं इथेही लेक्चर सोडलं नाही आणि तिकडे वेळ चाललाय, असं तुझ्या मनात येत असेल. येऊ दे. पत्र वाचून होईपर्यंत घड्याळाकडे बघायचं नाही, एवढं माझं ऐक. लहानपणापासून माझं कधी ऐकलं नाहीस, आज ऐक.

गेल्या तीन आठवड्यांत तू मला अकरा वेळा फोन केलास आणि अकराही वेळा फिरून फिरून तिथेच आलास. विमानतळावरून शहरात कशानं येऊ? ट्रेन, बस की टॅक्सी? शेवटच्या फोनवर तर तू तक्ता करून ठेवला होतास. आडव्या ओळीत तीन वाहनं, उभ्या ओळीत गुरुवार दुपारचे तास, आणि प्रत्येक चौकोनात कमीत कमी किती मिनिटं आणि जास्तीत जास्त किती. मी इथे रुग्णालयातल्या खाटेवर नाकात नळी घालून पडलेली, आणि तू मला वाचून दाखवतोयस की दोन ते तीनच्या दरम्यान टॅक्सीला बेचाळीस ते सत्तर. मला हसू येत होतं. हसलं की खोकल्याची उबळ येते म्हणून मी गप्प राहिले, तर तुला वाटलं ताई विचार करतेय. मग म्हणालास, तू बावीस वर्षं विमानतळाच्या त्या चौकशी काउंटरवर काढलीस, तुझ्याइतकं कोणाला कळणार, तू सांगशील तसं करतो. तेव्हा मात्र हसू पळालं. मी तुला म्हटलं, घराची किल्ली चष्मेवालीकडे ठेवतेय, ती घ्यायला तुला काउंटरवर थांबावंच लागेल, त्या वेळी कशानं यायचं तेही तिथेच कळेल. तू चिडलास. पण आपल्या घरात चिडण्याचं खातं तुझ्याकडेच होतं, मला त्याची सवय आहे.

तर आता ऐक, काउंटरवरच्या बाईच्या तोंडून ऐकतोयस असं समज. टॅक्सी हवी असेल तर बाहेर पडून उजवीकडे रांग आहे. तिथे एक शिट्टीवाला उभा असतो, तो सांगेल त्याच गाडीत बसायचं. आतल्या दारापाशी जे कानाला लागून गाडी पाहिजे का, गाडी पाहिजे का करतात, त्यांच्या नादी लागायचं नाही. टॅक्सी चांगली, पण पुलाच्या तोंडाशी तिचं काय होईल ते टॅक्सीवाल्यालाही ठाऊक नसतं. एकदा तिथे अडकलं की पुढच्या गाडीचे मागचे दिवे मोजत बसायचं. बस बाहेरच्या फाटकापासून सुटते, दर वीस मिनिटांनी. सव्वा तास लावते. गोदामांच्या मागून निघते, मग कालव्याच्या कडेनं जाते, मग दोन शाळा, फर्निचरची दुकानं, लोकांच्या बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडे, न्यायालय, आणि शेवटी रुग्णालयाच्या मागच्या दाराशी थांबते. बसनं कोण जातं, तर ज्याची कोणी वाट बघत नाही तो, किंवा वाट बघणारा कुठे पळून जाणार नाही अशी ज्याला खात्री आहे तो. राहिली ट्रेन. दोन मजले खाली, दर पंधरा मिनिटांनी, मधे चार स्टेशनं. चौतीस मिनिटं. हा आकडा तुला सांगायची गरज नाही. तुझ्या तक्त्यात ट्रेनच्या रकान्यात तू काहीच भरलं नव्हतंस. मी विचारलं तर म्हणालास, ती उगाच ठेवलीय, तीन रकाने पूर्ण दिसावेत म्हणून.

काउंटरच्या काचेमागे बावीस वर्षं बसलं की माणसं कळायला लागतात. नकाशावर ‘तुम्ही इथे आहात’ असा एक लाल ठिपका असतो. लोकांनी बोट ठेवून ठेवून तो इतका पुसला होता की आम्ही दर सहा महिन्यांनी नवा चिकटवायचो. हनिमूनवाले आधी हॉटेलचा फोटो दाखवतात. नोकरीच्या मुलाखतीला आलेले बूट पुसत प्रश्न विचारतात. बायको बरोबर असलेला पुरुष मला विचारतो आणि उत्तर ऐकून बायकोकडे बघतो. आणि एक जात अशी, जी काहीच बघत नाही. हातात एकच छोटी बॅग, फोन मुठीत, शर्टाचं बटण चुकलेलं. ती माणसं भाडं विचारत नाहीत, गाडी वातानुकूलित आहे का विचारत नाहीत. फक्त मिनिटं विचारतात. त्यांच्या घरी कोणीतरी शेवटच्या घटका मोजत असतं. मला ती सरकत्या दारातून बाहेर पडतानाच ओळखू यायची, आणि ती रांगेत असली की मी पुढच्या माणसाचं उत्तर भराभर उरकायचे. तेवढंच मी त्यांच्यासाठी करू शकत होते.

कारण काउंटरवर एक शिस्त होती. मला पहिल्या दिवशी शिकवलेली, मीही पुढे चष्मेवालीला शिकवलेली. विचारलं तेवढंच सांगायचं. बस कधी विचारलं तर बस कधी तेच सांगायचं, बस खच्चून भरलेली असते हे सांगायचं नाही. जास्त सांगितलं की माणूस गोंधळतो, दहा प्रश्न विचारतो, आणि रांग दारापर्यंत जाते. हे माझ्या अंगात इतकं मुरलं की घरीही तसंच. आई विचारायची, भाजी झाली का ग? मी म्हणायचे, झाली. करपली, हे तिनं विचारलेलं नसायचं. ती म्हणायची, या पोरीला एखाद्या दिवशी घराला आग लागली का असं विचारावं लागेल, तरच सांगेल. आईच्या जिभेला हाड नव्हतं आणि तुझ्यामाझ्या जिभेला धार तिच्याकडूनच आली.

आता मी तुझ्याबद्दल जे बोलणार आहे त्याचा राग धरू नकोस. दोन वर्षांपूर्वी तुझ्या बायकोचा मला फोन आला होता. तुला सांगू नका म्हणाली म्हणून मी बोलले नाही. ती सांगत होती की मुलीची शाळा सुटायच्या तासभर आधी तू फाटकाशी जाऊन उभा राहतोस, आणि पोर दोन मिनिटं उशिरा बाहेर आली की तू फाटक ढकलून आत शिरतोस. कोणाकडे जेवायला जायचं तर तू दुपारपासून कपडे घालून बसतोस. ऑफिसनं तुला वरची जागा देऊ केली होती, पण तिथे जायला ट्रेनशिवाय इलाज नव्हता, म्हणून तू ती सोडलीस, आणि घरी मात्र जागा दुसऱ्याला मिळाली असं सांगितलंस. एके सकाळी तिनं तुला स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून बसलेला पाहिला. आपल्या शहराच्या ट्रेनचं सात वर्षांपूर्वीचं वेळापत्रक होतं आणि तू त्यावर पेन्सिलीनं काहीतरी जुळवत होतास. तिनं विचारलं तर म्हणालास, मी टॅक्सी घेतली असती तर एक चाळीसला पोचलो असतो. ती म्हणाली, ताई, हे एकदा नाही, हे रोज चालतं, मी आता हात टेकले. गेल्या वर्षी ती मुलीला घेऊन आपल्या आईकडे राहायला गेली हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मला ते तिच्याकडूनच कळलं.

आईला जाऊन नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत तू एकदाही इकडे फिरकला नाहीस. बोलावलं की म्हणायचास, कोणासाठी येऊ, जिच्यासाठी यायचं तिच्यापर्यंत पोचता आलं नाही मला. आणि प्रत्येक फोनच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं. म्हणायचास, निदान तू तरी जवळ होतीस, ताई. ते वाक्य आलं की मी बरं म्हणून फोन ठेवायचे. आता त्या वाक्याबद्दल लिहायचं आहे. हे पान मी तिसऱ्यांदा लिहितेय. पहिली दोन फाडली, कारण त्यांत मी स्वतःला फार समजून घेतलं होतं.

त्या दिवशीची सकाळ आठव. म्हणजे तू नव्हतास, तू आकाशात होतास, पण मी सांगते. आईला रुग्णालयात ठेवून नववा दिवस होता. डॉक्टर म्हणाले होते, आजचा दिवस निघेल, उद्याचं सांगत नाही. सकाळी ती उशीला टेकून बसली, अर्धा कप चहा प्याली, आणि माझ्या केसांकडे बघून म्हणाली की असं झिपरं जाऊन बसू नकोस, लोक घाबरतील. मी आठच्या पाळीला गेले. जायची सक्ती नव्हती. साहेबांनी घरी थांब म्हटलं असतं. पण तुझं विमान दुपारी यायचं होतं, आणि मी मनाशी ठरवलं होतं की काउंटरवर असले म्हणजे तू बाहेर पडताक्षणी तुला धरीन आणि आपण दोघं मिळून आईकडे जाऊ. तिलाही तसंच सांगितलं. ती म्हणाली, आण त्याला, आणि बसमधून झुलवत आणू नकोस. मी हसून निघाले. आणखी एक कारण होतं, तेही लिहून टाकते. आठ दिवस तिच्या खाटेजवळ बसून मी कंटाळले होते. मला काउंटर हवं होतं. जिथे मी विचारलेल्याला उत्तर देऊ शकते अशी जागा मला हवी होती.

अकरा वाजून गेल्यावर काउंटरचा फोन वाजला. दिवसपाळीची नर्स होती. अकरा दहाला ती औषध घेऊन गेली तेव्हा आई गेलेली होती. नेमकी कधी गेली ते तिलाही सांगता येईना, पावणेअकराला कोणीतरी तिची चादर नीट केली होती म्हणे. जवळ कोणी नव्हतं. शेजारच्या खाटेवरची बाई झोपलेली. आईनं बेल वाजवली होती का, हे मी विचारलं नाही. आजपर्यंत विचारलेलं नाही. फोन ठेवला तर समोर एक म्हातारं जोडपं होतं, प्राणिसंग्रहालयाला जायचं होतं त्यांना. मी नकाशा काढला, बसच्या थांब्यावर खूण केली, आणि परत येताना दुसऱ्या बाजूचा थांबा धरा हेसुद्धा सांगितलं. आजोबा म्हणाले, पोरी, फार नीट सांगतेस. मग पुढचा आला, मग त्याच्या पुढचा. दीड तास मी काम केलं, छोट्या. एकही चूक केली नाही. मधून मधून तुझ्यासाठी वाक्य तयार करत होते. तुला काचेच्या या बाजूला घ्यायचं, खुर्चीवर बसवायचं, हात धरायचा, आणि मग सांगायचं. काय शब्दांत, तेही ठरलं होतं.

बारा पन्नासला सरकतं दार उघडलं आणि सगळ्यांच्या आधी तू बाहेर आलास. एक छोटी बॅग, फोन मुठीत, शर्टाचं बटण चुकलेलं. तू धावत होतास. तुझ्या चेहऱ्यावर आई अजून जिवंत होती, आणि तिला तिथे मारायचं काम माझं होतं. तू काचेपाशी आलास आणि हाकसुद्धा न मारता विचारलंस, सगळ्यात लवकर काय? माझं तयार केलेलं वाक्य कुठे गेलं मला माहीत नाही. मी म्हणाले, ट्रेन, चौतीस मिनिटं, टॅक्सीचं रस्त्यावर अवलंबून. नेहमीच्या आवाजात म्हणाले. तू येतेस ना, विचारलंस. मी म्हणाले, बदली माणूस आला की लगेच मागून निघते. तू पायऱ्या उतरून गेलास. तुझ्या मागे ट्रॉलीवाला एक माणूस होता, त्यानं स्वच्छतागृह कुठे आहे विचारलं. मी उजवीकडे सांगितलं. तुला हाक मारायची तर तू दोन मजले खाली पोचला होतास, फोन करायचा तर खाली फोन लागत नाही. हे सगळं खरं आहे आणि यातलं काहीही कारण म्हणून चालणार नाही.

पुढचं तुला ठाऊक आहे असं तुला वाटतं. तुझी ट्रेन दुसऱ्या आणि तिसऱ्या स्टेशनाच्या मधे पाऊण तास उभी राहिली. मी टॅक्सीनं निघाले आणि एक चाळीसला पोचले. वॉर्डात खाट रिकामी करायची घाई चालली होती. मी नर्सच्या हातापाया पडले की माझा भाऊ येईपर्यंत हलवू नका. आईचे केस विंचरले, चादर गळ्यापर्यंत घेतली, आणि पंखा जोरात केला. पंखा मुद्दाम केला. दोन पंचवीसला तू आलास, घामानं निथळत, आणि विचारलंस, कधी? मी म्हणाले, वीस मिनिटं झाली. ते तोंडातून कसं आलं, याचा मी नऊ वर्षं विचार केलाय. तेव्हा स्वतःला सांगितलं की त्याला बरं वाटेल, आई त्याची वाट बघत शेवटपर्यंत तग धरून होती असं वाटेल. ते खोटं आहे. खरं इतकंच की अकरा दहा म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, मग तू कुठे होतीस? आणि मी कुठे होते ते तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतंस. तू पुढे विचारलंस, तू होतीस ना जवळ? मी मान हलवली. माझा हात तिच्या हातात होता म्हणाले. मग तू तिचा हात धरलास. तो तुझ्या हातात वाकेना, आणि इतका गार कसा, असं तू विचारलंस. मी पंख्याकडे बोट दाखवलं.

तू तिथेच खाली बसलास आणि म्हणालास, ताईची टॅक्सी पोचली, माझी ट्रेन नाही पोचली. तेव्हा मला कळायला हवं होतं मी काय करून बसले ते. पण तुला रडताना बघून वाटलं, आज नको, दिवस निघून जाऊ देत मग सांगू. मग दिवस गेले. मग तू गेलास. मग फोनवर कसं सांगायचं असं झालं. मग इतकी वर्षं झाली की खोट्यापेक्षा खरंच जास्त वाईट वाटेल असं वाटायला लागलं. आणि दर वेळी तू निदान तू तरी जवळ होतीस म्हणालास की मला थोडं बरंही वाटायचं, हे लपवत नाही. जगात एक तरी माणूस होतं ज्याच्या लेखी मी आईजवळ होते. त्यासाठी मी तुला त्या बोगद्यात नऊ वर्षं उभं ठेवलं. तुझी नोकरीतली जागा, तुझी बायको, पोरीच्या शाळेचं फाटक, सगळं मी ऐकत होते आणि तोंड मिटून बसले होते. माफ कर असं लिहायला हात धजत नाही. शिव्या दे. त्या मला लागू आहेत.

पाकिटात एक घडी केलेला कागद आहे. रुग्णालयानं दिलेला आईच्या मृत्यूचा दाखला. नऊ वर्षं तो माझ्या कपाटात कपड्यांखाली होता आणि तू कधी मागितला नाहीस. वेळेच्या रकान्यात बघ. तू त्या वेळी ढगांच्या वर होतास. ट्रेन वेळेवर धावली असती, टॅक्सी उडत आली असती, तरी काही फरक पडला नसता. तू कोणतीही गाडी पकडली असतीस तरी पोचला नसतास, कारण पोचायला काही शिल्लकच नव्हतं. तो कागद तुझ्या बायकोलाही दाखव. तिला म्हणावं, ताईनं दाखवायला सांगितलाय.

आता शेवटचं, आणि हे लिहायलाच खरं तर कागद घेतला. आज मंगळवार आहे. डॉक्टरांना मी सरळ विचारलं आणि त्यांनी सरळ सांगितलं, गुरुवार गाठेन की नाही हे त्यांना ठाऊक नाही. म्हणून चष्मेवालीला बोलावून मी दोन पाकिटं देतेय. एकात एकच ओळ आहे, टॅक्सी घे आणि ये, तोंडानं काहीतरी सांगायचंय. तोंडानं सांगितलं असतं, की पुन्हा कच खाल्ली असती, देव जाणे. दुसरं पाकीट हे. इथल्या नर्सकडे फक्त चष्मेवालीचा फोन नंबर आहे, दुसऱ्या कोणाचा नाही. कोणतं पाकीट द्यायचं ते गुरुवारी सकाळी ती ठरवणार होती, आणि तिनं तुला हे दिलं. तेव्हा तुला कळलं असेल. तू वाचत असताना ती तुझ्याकडे बघत असेल. वाचून झालं की काउंटर बंदची पाटी लावून ती तुझ्याजवळ येईल. मी किती वाजता गेले ते ती तुला सांगेल, आणि माझ्याजवळ कोण होतं तेही. कोणी नसेल तर कोणी नव्हतं असंच सांगेल. तू विचारलं नाहीस तरी सांगायचं, असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय. ती ऐकताना घाबरली, पण हो म्हणाली. त्यानंतर फाटकाशी जा आणि बसमध्ये खिडकीजवळ बस. सव्वा तास लागेल. लागू दे.

तुझीच,
ताई